फरकाचे सहा हजार



मी आज एका अर्जाबद्दल बोलणार आहे. १९९७ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. वडील आपल्या सोलापुरातच चादरीच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. जेवढं काम तेवढी मजुरी. माग बंद तर पैसेही बंद. तहसीलच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न २४,००० आलं. एका ट्रस्टच्या अर्जात पुढचा रकाना होता घरखर्चाचा. मी खरं ते लिहिलं, ३०,०००, आणि अर्ज दाखवायला आपल्या गणिताच्या बाईंकडे गेले.

बाईंनी विचारलं, "वरचे सहा हजार कुठून आले?"

"परिस्थिती बेताची आहे, असं लिहू का?"

"बेताची म्हणजे किती रुपये, ते लिही."

घरी हिशेब मांडला. किराणा दुकानाची उधारी २,०००. मामाकडून आलेली ज्वारी, १,५०० धरली. उरलेल्या २,५०० बद्दल आई काही सांगेना. शेवटी वडील म्हणाले, "मंगळसूत्र ठेवलंय." आईच्या गळ्यात नुसती काळी पोत आहे, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. आई म्हणाली, हे कागदावर घालायचं नाही, चार लोक वाचतील. सकाळी मात्र तिनंच सराफाची पावती माझ्यापुढे टाकली. "लिही. पण कर्ज म्हणून लिही, गरीब म्हणून नको."

मुलाखतीत पहिला प्रश्न तोच आला. मी हिशेबाचा कागद पुढे केला. फी मिळाली.

आता मी स्वतः अशा अर्जांच्या छाननीला बसते. सरकारी योजनेत दाखल्यावरचा आकडा पुरतो. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला मर्यादा ८ लाखांची आहे. ट्रस्टचं तसं नसतं. मुलं लिहितात, "घरची परिस्थिती हलाखीची." दाखला ५०,००० चा आणि घरभाडं महिना ४,०००! वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. भाडं आजोबांच्या पेन्शनमधून जातं, हे एक वाक्य राहिलेलं असतं. मी फोन करून विचारते. सगळे विचारत नाहीत, सरळ बाजूला ठेवतात. म्हणून शाळेतल्या कुणाला असा अर्ज करायचा असेल, तर आधी माझ्याकडे पाठवा. खरंच पाठवा, रात्री दहानंतर मी मोकळीच असते.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मंगळसूत्र माझ्या पहिल्या पगारात सोडवलं. आई मात्र अजून विचारते, "तो कागद त्यांनी फाडून टाकला असेल ना गं?"