अंगाला न बसलेला कपडा

नऊवारी लुगड्याला माप नव्हते. तेच नऊ वार वस्त्र सडपातळ नवरीच्या अंगाला शोभे आणि तिच्या स्थूल आत्याच्याही. फरक पडायचा तो निऱ्यांच्या संख्येत. धोतराचे, उपरण्याचे आणि पागोट्याचेही तसेच. ‘कपडा अंगाला बसत नाही’ ही तक्रार कापडाला कात्री लागली तेव्हापासूनची आहे. तरीसुद्धा जोवर गिऱ्हाईक शिंप्यासमोर उभे राहून माप देत होते, तोवर ती तक्रार त्या दोघांतच मिटत असे. शिंपी थोडा चिडे, गिऱ्हाईक थोडे कुरकुरे, दोन टिपा उसवून पुन्हा घातल्या जात, आणि पुढच्या सणाला तेच गिऱ्हाईक त्याच शिंप्याकडे येई.

आता कापड बेतणारा एका गावी, विकणारा दुसऱ्या गावी आणि ते घालणारा तिसऱ्या गावी, असा प्रकार आहे. मधला व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर होतो. तेथे रंग दिसतो, नक्षी दिसते, किंमत तर ठळकच दिसते. दिसत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे घेणाऱ्याचे अंग.

रायपुरात हा व्यवहार दोन्ही दिशांनी चालतो. पंडरीचा कापडबाजार हा छत्तीसगडातील मोठा घाऊक बाजार. तेथून माल उचलून घरच्या घरी कुर्ते, पोलके, सलवारी विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना दुकानाच्या भाड्यापेक्षा ऑनलाइन विक्री परवडते. चांपा गावाच्या विणकरांनी विणलेल्या कोशाचे तयार कुर्ते आणि जाकिटे इथून पुण्या-मुंबईला जातात. उलट दिशेने जो माल येतो त्यात महाराष्ट्रीय घरांपुरती एक खास वस्तू आहे, ती म्हणजे शिवलेली नऊवारी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात मंगळागौर, डोहाळजेवण, मुंज हे सोहळे अजून हौसेने होतात. परंतु काष्टा घालून लुगडे नेसवणारे हात घराघरांतून कमी झाले. शिवलेली नऊवारी सलवारीसारखी पायांत चढवता येते. तिची मागणी वाढली यात नवल नाही. नवल एवढेच, की ज्या वस्त्राला मापाचा प्रश्न कधी शिवला नव्हता, त्याच्याच वाट्याला मापाच्या तक्रारी सर्वांत जास्त आल्या.

याचे कारण शिवणकाम जाणणाऱ्याला चटकन उमगेल. कुर्ता खांद्यावरून लोंबतो. कमरेला एखादा इंच कमीजास्त झाला तरी निभावून जाते. शिवलेल्या नऊवारीला कंबर, नितंबांचा घेर, मांडी, आसन आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची ही पाचही मापे एकाच वेळी जुळावी लागतात. त्यातील आसन आखूड पडले तर बाईला पाटावर मांडी घालून बसता येत नाही. पूजेला नेसायचे वस्त्र आणि त्यात बसता येत नाही, यापरता दुसरा विनोद नाही. पण ज्या घरात परवा मुंज आहे, त्या घरात त्या विनोदाला कोणी हसत नाही.

अशा घरातील एखादी गृहिणी विक्रेत्याला संदेश पाठवते तेव्हा तिच्या मनात नेमके काय असते, हे समजून घेणे हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. पार्सल मंगळवारी आले, मुंज गुरुवारी आहे. विक्रेत्याचे ठरीव उत्तर येते, ‘परत पाठवा, सात ते दहा दिवसांत पैसे मिळतील.’ नियमाने हे उत्तर बिनचूक आहे आणि त्या बाईच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. तिला पैसे नकोत, गुरुवारी नेसायला वस्त्र हवे आहे. तेथे शहाणा विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘ताई, कार्य केव्हा आहे?’ दुसरा प्रश्न, नेमके कोठे आवळते. आणि तिसरी गोष्ट तो सांगतो ती ही, की आतल्या शिवणीत दीड इंच कापड सोडलेले आहे. जवळच्या शिंप्याकडे नेऊन मधली टीप उसवून घ्या, शिलाईचा खर्च आमच्याकडे लागला. पन्नास-शंभर रुपयांत ही गोष्ट मिटते. रायपूरसारख्या गावात गल्लीच्या कोपऱ्यावर मशीन घेऊन बसलेला शिंपी अजून सापडतो, हे त्या विक्रेत्याचेही भाग्यच होय.

शिवणीत सोडलेल्या या जादा कापडाला मराठी शिंपी ‘माया’ म्हणतात. कारखान्यात एकावर एक शेकडो थर रचून कापलेल्या मालात पहिली काटकसर होते ती या मायेची. पाव इंचाच्या मायेवर ओव्हरलॉकची टीप घातली की कापड वाचते खरे, पण पुढे तो कपडा सैल करण्याची वाटच बंद होते.

तक्रारींचे दुसरे मूळ आकड्यांत आहे. कुर्त्यावर ‘एम’ लिहिलेले असते आणि तक्त्यात त्यापुढे ३८ इंच. पण हे ३८ इंच कोणाचे? बाईच्या छातीचे की कुर्त्याच्या घेराचे? अंगाचे माप ३८ असेल तर कुर्ता निदान ४० इंचांचा हवा, कारण श्वास घ्यायला, हात वर करायला कपड्यात सैलपणा लागतो. कुर्ताच ३८ चा असेल तर तो ३६ च्या अंगाला नेटका बसेल. एकाच अक्षराखाली असे दोन वेगवेगळे अर्थ दोन विक्रेते वापरतात आणि ग्राहकाला वाटते की आपलेच अंग वाढले. त्यात सुताचे आटणे आणखी भर घालते. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ४ आटले, तर ४६ इंच लांबीचा कुर्ता सुमारे पावणेदोन इंचांनी आखूड होतो. पहिल्या दिवशी खूश झालेले गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी चिडून लिहिते, आणि विक्रेत्याला वाटते की ते खोटे बोलत आहे. दोघेही खरेच असतात.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. दुरून कपडा विकण्याचा धंदा अमेरिकेत जुना. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली टपालाने माल विकण्यास आरंभ केला आणि पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचे वचन लवकरच त्या धंद्याचा पाया बनले. पुढे तयार कपड्यांच्या परतीने व्यापारी त्रासले. तेव्हा १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातर्फे रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. एकेका स्त्रीची ५९. त्यांत गौरेतर स्त्रियांना मात्र जमेस धरले नाही. त्या मापांच्या आधारे १९५८ साली प्रमाण ठरले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. दरम्यान व्यापाऱ्यांना एक युक्ती सापडली होती : कपडा तोच ठेवून त्यावरील आकडा लहान केला, की ग्राहक खूश होतो. आकडा हे माप न राहता स्तुती बनली.

भारतात तर स्वतःचे असे प्रमाणच नव्हते. विलायती आणि अमेरिकन तक्त्यांवरून देशी अंगे बेतली जात. ‘निफ्ट’ या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने ‘इंडियासाइझ’ नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. देशाच्या सहा विभागांतील सहा शहरांत पंचवीस हजार स्त्रीपुरुषांची मापे शरीर टिपणाऱ्या यंत्राने घ्यावयाची, अशी ती योजना. काम मोलाचे आहे. तथापि, सरासरी कितीही शास्त्रशुद्ध काढली तरी ती सरासरीच. तात्यापाऱ्यातील बाईचा दंड त्या तक्त्यात बसेलच असे नाही.

दंडाचा उल्लेख सहज आलेला नाही. विक्रेत्याने तक्रारींची एक साधी वही ठेवली आणि ‘साइज चुकला’ एवढेच न लिहिता कोठे चुकला हे नोंदले, तर महिन्याभरात त्याला वेगळेच चित्र दिसू लागते. छाती आणि कंबर तक्त्यात असतात, म्हणून ग्राहक ती पाहून घेतो. आवळते ते बहुधा दंडात, मुंढ्यात, नितंबांवर. म्हणजे जे तक्त्यात नसतेच तेथे. अशा वेळी दहा ग्राहकांना दहा क्षमापत्रे पाठवण्यापेक्षा तक्त्यात बाहीच्या घेराचा एक रकाना वाढवणे स्वस्त पडते. त्याहून सोपा उपाय असा, की ग्राहकाला स्वतःचे अंग मोजायला सांगूच नये. स्वतःभोवती टेप गुंडाळताना माणूस पोट आत ओढतो. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याऐवजी अंगाला छान बसणारा घरातलाच एखादा कुर्ता सतरंजीवर सपाट पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावी. तो आकडा विक्रेत्याच्या कपड्याच्या आकड्याशी ताडून पाहिला की निम्मे गैरसमज मागणीपूर्वीच गळतात.

या खटाटोपाचे मोल हिशेबातच दिसेल. समजा, सातशे रुपयांच्या कुर्त्यात विक्रेत्याच्या हाती १२० रुपये उरतात आणि परत आलेल्या एका पार्सलाच्या जाण्यायेण्याला १६० रुपये पडतात. सात कुर्ते विकले, त्यांतले तीन परत आले. राहिलेल्या चारांवर ४८० रुपये मिळाले, आणि तिघांच्या परतीने ४८० रुपये नेले. आठवडाभराची पायपीट, इस्त्री, बांधाबांध आणि संदेशांना दिलेली उत्तरे पदरमोडीची ठरली. ज्यांचे भांडवल म्हणजे घरखर्चातून वाचवलेले पैसे, अशा विक्रेत्यांचा धीर अशा दोन-तीन आठवड्यांत सुटतो.

म्हणूनच तक्रार आली की त्यांच्या बोलण्यात धार येते. ‘तक्ता नीट पाहिला नाही का?’ हे वाक्य विक्रेत्याला साधे वाटते. वाचणाऱ्या बाईला ते ‘तुम्ही जाड आहात’ असे ऐकू येते. कपड्याच्या तक्रारीत आणि कढईच्या तक्रारीत हा फरक आहे. कढई गळते हे सांगताना कोणाला संकोच होत नाही. कपडा होत नाही हे सांगताना माणूस आपल्या शरीराविषयी काही कबूल करत असतो. ‘या कापणीत मुंढा लहान पडतो, यापूर्वीही कळले आहे’ असे उत्तर दिले तर दोष कापणीकडे राहतो, आणि पुष्कळदा तो असतोही तेथेच.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहण्याजोगी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-व्यापाराविषयीचे नियम यांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्त्यात ४० लिहिले आणि कुर्ता ३८ भरला, तर वादाला जागाच उरत नाही. ई-मंचावरून विकणाऱ्याने तक्रारींसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत निवारण करावे, असेही हे नियम सांगतात. शिवाय ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; म्हणजे रायपूरच्या विक्रेत्यावर पुण्यात तक्रार उभी राहू शकते. मात्र, कपडा तक्त्याबरहुकूम आहे, केवळ अंगाला बसला नाही, अशा वेळी कायदा विक्रेत्याच्याच जाहीर शब्दाकडे बोट दाखवतो. परत घेऊ, बदलून देऊ, की दोन्ही नाही, हे त्याने विकण्यापूर्वी स्पष्ट लिहिलेले असावे लागते. लिहायचे ठळक आणि पाळायचे पुसट, ही चाल मात्र पुष्कळांची आहे.

ग्राहक नेहमीच भोळा असतो असे नाही. एखादी व्यक्ती लग्नात मिरवून आलेला कुर्ता अत्तराच्या वासासकट ‘सैल होतो’ म्हणून परत धाडते. कोणी दोन मापे मागवून एक ठेवते आणि दुसरे परत करते. पहिली लबाडी आहे, दुसरीला लबाडी म्हणणे कठीण, कारण त्याच नावाची दोन मापे दोन ठिकाणी वेगळी निघाल्यावर बिचाऱ्या ग्राहकाने तरी काय करावे? लबाडीवर साधा तोडगा असा, की मोठी चिठ्ठी गळ्यापुढे बाहेर लोंबेल अशी शिवावी. ती न काढता कपडा घरात घालून पाहता येतो, मांडवात घालून जाता येत नाही. पण एका लबाडावरून पुढच्या नऊ जणांशी संशयाने बोलणारा विक्रेता त्या नऊ जणांना गमावतो, आणि दहावा दुसऱ्या नावाने पुन्हा येतोच.

पंडरीतील जुन्या गादीवरच्या व्यापाऱ्याला या गोष्टी कोणी शिकवल्या नव्हत्या. गिऱ्हाईक समोर बसे. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळे की ठाण पसंत पडले की नाही. आज तो चेहरा नाही, त्याच्या जागी मोबाइलवर उमटलेल्या दोन ओळी आहेत, कधी हिंदीत, कधी छत्तीसगडीत, कधी मराठीत. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील टेप गळ्यात अडकवून परत आलेला कुर्ता सतरंजीवर पसरणारी बाई त्या दोन ओळी पुन्हा वाचते, ‘काखेत दाटते’ म्हणजे मुंढा की छाती हे ठरवते, काखेखाली टेप धरते आणि वहीत लिहिते : मुंढा, अर्धा इंच कमी.