टोचणीची तक्रार कुठं करायची?

(धर्मापुरी, जि. बीड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी आज शिवीबद्दल बोलणार नाही. शिवी ओळखायला शाळा लागत नाही. चारचौघांत कुणी जातीवरून बोललं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, मग फौजदार लिहून घेवो न घेवो. मला बोलायचंय ते गोड आवाजात, टेबलापलीकडून येणाऱ्या वाक्यांबद्दल.

माझा चुलतभाऊ ऊसतोडीला जातो. त्याची झोप उडाली, कानात आवाज यायला लागले. मी त्याला एका शहरातल्या मनोविकाराच्या डॉक्टरकडं नेलं. आमच्या आधीच्या माणसाला डॉक्टर म्हणाले, "या काका, बसा." आमचा नंबर आला. आडनाव काय? सांगितलं. गाव? धर्मापुरी. "गावात कुठं राहता?" आता मला सांगा, झोप न येण्याचा आणि घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे याचा काय संबंध? पण उत्तर मिळालं आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला. भाऊ चाळिशीचा, डॉक्टर तिशीचा. "दारू किती घेतोस?" घेत नाही, म्हणाला. डॉक्टर हसले. "यांच्यात असतेच की!" मग माझ्याकडं वळून, "तुम्ही मात्र चांगलं शुद्ध बोलता हो, वाटत नाही." ही शाबासकी होती बरं का!

कुणी शिवी दिली? नाही. हाकललं? नाही. पण भाऊ परत त्या पायरीवर चढला नाही. गोळ्या सुटल्या, आवाज परत आले.

अमेरिकेत चेस्टर पिअर्स नावाचा काळा मनोविकारतज्ज्ञ होऊन गेला, हार्वर्डमध्ये शिकवायचा. गोऱ्यांच्या असल्या रोजच्या बारीक अपमानांना त्यानं १९७० साली नाव दिलं, मायक्रोअ‍ॅग्रेशन. आपण टोचणी म्हणू. एकेक घेतली तर क्षुल्लक, आयुष्यभराची बेरीज केली तर माणूस खचवणारी, असं त्याचं म्हणणं.

हाड मोडलं तर डॉक्टर कितीही उद्धट असो, प्लास्टर बसतं. मनाचा आजार एक्स-रेत दिसत नाही. रोग्यानं पोटातलं सांगितलं तरच निदान. आणि ही टोचणी नेमकं त्याचं तोंड बंद करते. मग तो गप्प बसला, तर केसपेपरवर येतं 'सहकार्य करत नाही'. चिडला, तर 'आक्रमक'. गावातली माणसं मला टाळतात म्हणाला, तर 'संशय'. अरे, बहिष्कार सोसलेल्या वस्तीतला माणूस दुसरं काय सांगणार? आजारातला संशय आणि खरोखरचा बहिष्कार एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. ते निवडून काढणं हेच तर डॉक्टरचं काम!

"हे लोक गोळ्या नीट घेत नाहीत," हे आणखी एक. कसा घेईल? उचल घेतलेला कोयता. सहा-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात पालावर. गाडी आली की अपरात्री उठून मोळ्या भरायच्या. गोळीनं गुंगी येते, आणि हातात कोयता. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. "किती वाजता उठतोस?" एवढं विचारलं असतं तर गोळीची वेळ बदलता आली असती. पण कारण जातीत सापडलं, की कामाचं कोण विचारतो?

आपलेच काही शहाणे म्हणतील, डॉक्टरच्या मनात तसं नव्हतं, गर्दी असते. नसेल मनात. पण त्याच गर्दीत आधीच्या माणसाला 'काका, बसा' म्हणायला वेळ होता ना?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८ पासून लागू आहे. कलम १८ सांगतं, उपचारात भेदभाव नाही, आणि तिथं 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिलाय. सामाजिक दर्जावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे कलम ३. आपली कागदपत्रं मागायचा हक्क कलम २५ मध्ये. सेवेत खोट दिसली तर कलम २८ खाली आधी तिथल्या प्रमुखाकडं तक्रार, तिथं भागलं नाही तर मंडळाकडं, मग राज्य प्राधिकरणाकडं.

पण कलम सांगण्याआधी तोंडावर विचारायला शिका. शांतपणे. "डॉक्टर, हे कशासाठी विचारता? उपचाराला लागत असेल तर सांगतो." "माझ्या भावाला अहो म्हणा." कितीतरी डॉक्टर तिथंच सावरतात. उत्तर उर्मट आलं तर तारीख, वेळ, वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. रोग्याबरोबर एक बोलणारा माणूस जाऊ द्या. आजारी माणसानं आजाराशीही लढायचं आणि डॉक्टरशीही, हे होत नाही.

आणि पोरांनो, डॉक्टरवरचा राग गोळीवर काढू नका. डॉक्टर बदला, दुसरीकडं जा, १४४१६ ला फोन लावा, तो फुकट आहे. गोळी मनानं बंद करू नका. अन् आपल्यातल्या आजारी पोराला 'येडं', 'सर्किट' म्हणून दात काढता ना, तेही बंद करा. ती टोचणी आपली घरची.

ज्यांना अर्ज लिहायला माणूस पाहिजे त्यांनी बैठक संपल्यावर थांबा. कागद आणि कार्बन मी आणलाय.