तलवार आणि हंसू



मी ज्या गांवीं राहतों त्या पन्हाळगडावर तलवारीचा विषय निघाला कीं माणसाचा आवाज आपोआप खालीं येतो. बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशिदाचा आहे. सहलीस आलेला मुलांचा घोळका कितीहि दंगेखोर असो, तेथें येतांच क्षणभर गप्प होतो. अशा गांवच्या माणसानें लढवय्यांची थट्टा करणाऱ्या एका चित्रपटाविषयीं बोलावयाचें हें थोडें धाडसाचेंच आहे. तथापि तें धाडस मीं आज मुद्दाम पत्करलें आहे.

हा चित्रपट जपानी असून त्याचें नांव ‘गिंतामा’. तो २०१७ सालीं निघाला. जपानांत चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कथांना ‘मांगा’ म्हणतात. आपल्याकडे असलें वाङ्मय मुलांचें म्हणून बाजूस सारतात. तेथें कचेरीस जाणारीं मोठीं माणसेंहि तें वाचतात. हिदेआकि सोराचि या चित्रकार-लेखकानें २००३ सालच्या अखेरीस एका साप्ताहिकांत ही कथा सुरू केली आणि २०१९ सालीं ती पुरी केली. तिचे एकंदर ७७ भाग झाले. तीवरून युइचि फुकुदा या दिग्दर्शकानें खऱ्याखुऱ्या नटांना घेऊन हा चित्रपट केला. नायकाचें काम शुन ओगुरि यानें केलें आहे.

कथा ऐकतांना प्रथम पोरकट वाटेल. जुन्या एदो शहरावर, म्हणजे आजच्या तोकियोवर, परग्रहांवरचे लोक चाल करून येतात, सत्ता त्यांच्या हातीं जाते आणि सामुराईंनीं तलवार बाळगूं नये असा हुकूम सुटतो. गिंतोकि हा असाच एक बेकार लढवय्या. कमरेस लांकडी तलवार, सोबत एक मुलगा आणि एक मुलगी, घराचें भाडें थकलेलें, गोड खाण्याचें विलक्षण वेड, आणि धंदा म्हणाल तर लोक सांगतील तें काम करून देणें. कोणाचें मांजर हरवलें तरी हा शोधावयास निघणार!

परंतु जपानी प्रेक्षकास यांतली मेख समजावून द्यावी लागत नाहीं. १८५३ सालीं अमेरिकेचीं काळीं जहाजें एदोच्या उपसागराच्या तोंडाशीं येऊन उभीं राहिलीं. १८७६ सालीं तलवार लावून हिंडण्यास सरकारनें खरोखरच मनाई केली, आणि पिढ्यान् पिढ्या जी कमरेस होती ती वस्तु घरांत खुंटीला टांगून सामुराईंस पोटाचा उद्योग शोधावा लागला. हें दुःख दीडशें वर्षांचें झालें तेव्हां कुठें एका चित्रकारानें त्याला परग्रहाचें सोंग चढवून हंसण्याच्या बाजारांत आणलें. नातवानें हा चित्रपट मला दाखविला तेव्हां तो पोट धरून हंसत होता, आणि मी मात्र आमच्या चार दरवाजाचा विचार करीत होतों.

पन्हाळ्याचा चार दरवाजा आज पाहावयास जाल तर थोड्याशा खुणांपलीकडे कांहीं दिसणार नाहीं. १८४४ सालीं करवीर राज्यांत गडकऱ्यांनीं बंड केलें. गडाच्या चाकरीबद्दल वंशपरंपरा चालत आलेल्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखालीं जाणार, हें त्या बंडाचें मुख्य कारण होतें. सामानगडावर ठिणगी पडली, पन्हाळगडहि पेटला. डिसेंबरांत इंग्रजी फौजेनें पन्हाळा घेतला आणि पुढें हा दरवाजा पाडून टाकला. शिबंदी मोडली. बाप, आजा, पणजा ज्या तटावर पहारा करीत आले त्या तटाखालून गडकऱ्यांचीं पोरें आतां मोकळ्या हातांनीं जाऊं येऊं लागलीं. जपानी सामुराईवर जी वेळ १८७६ सालीं आली ती आमच्या गडकऱ्यावर त्यापूर्वी बत्तीस वर्षें येऊन गेली होती. त्याची गोष्ट आपण कधीं हंसत सांगितली आहे काय?

येथें कोणी म्हणेल, “मास्तर, पराक्रमाची थट्टा करावयास शिकवितां कीं काय?” तसें नाहीं. हंसूं कोणाकडे वळविलें आहे हें नीट पाहिलें पाहिजे. ‘गिंतामा’मध्यें थट्टा आहे ती पोकळ बढाईची, थकलेल्या भाड्याची, पोशाखी ऐटीची. पुढें एक माणूस खाणारी यंत्रतलवार हातीं घेऊन शत्रु शहरांत खून पाडूं लागतो. तेव्हां हाच आळशी गिंतोकि रक्तबंबाळ होऊनहि मागें सरत नाहीं, आणि तेथें चित्रपट त्याला हंसत नाहीं. नाक कोरण्याचे आणि उगीच आरडाओरडीचे प्रसंग पुष्कळ आहेत. ते मला मुळींच रुचले नाहींत. निम्मे गाळले असते तरी चित्रपटाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु शौर्याची अब्रू त्यानें राखली आहे.

चित्रांतलीं माणसें हाडामांसाचीं करणें हें काम मात्र फार बिकट. कागदावर रुपेरी केंस शोभतात. जिवंत नटाच्या डोक्यावर तोच टोप चढविला कीं तो टोपच दिसतो. फुकुदानें हा खोटेपणा झांकण्याचा खटाटोप केला नाहीं. कथेंत एक पांढरें, बदकासारखें प्राणिसोंग आहे. आंत माणूस दडला आहे ही गंमत मूळ चित्रांतच होती, आणि पडद्यावरहि तें कापडी सोंगच ठेविलें आहे. सोंग हें सोंग म्हणून उघड करावें आणि त्यांतला जीव खरा ठेवावा, ही रीत नाटकें पाहून वाढलेल्या मराठी माणसास नवी वाटण्याचें कारण नाहीं.

किंबहुना आमच्या कोल्हापुरानें हा धडा फार पूर्वीं गिरविला आहे. बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. हातांतल्या कुंचल्यांतून ते कॅमेऱ्याकडे आले. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं निघाला. त्यांतला कीचकवध इतका खरा वठला कीं परीक्षकांनीं त्यावर कात्री चालविली. आतां कीचकवधाची मूळ कथाच पाहा. अंधारांत पलंगावर सैरंध्रीच्या जागीं भीम पडून राहिला आहे आणि कीचक नटूनथटून लाडेंलाडें येत आहे! पस्तीस वर्षें मीं वर्गांत ही कथा सांगितली. मुलें आधीं हंसतात आणि मग एकदम दचकतात, असा अनुभव प्रत्येक वर्षीं आला.

त्यानंतर मास्टर विनायक. ते १९०६ सालीं कोल्हापुरांत जन्मले आणि १९४७ सालीं अकालीं गेले. हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’मध्यें, १९३८ सालीं, अत्र्यांच्या लेखणीच्या साह्यानें त्यांनीं एका तरुणास ब्रह्मचर्याच्या आणि बलोपासनेच्या मागें लाविलें. एक व्याख्यान ऐकून हा औदुंबर नट्यांचीं चित्रें फेंकून देतो, व्यायाम करूं लागतो, आणि मग किशोरी समोर येते. तालमीच्या या नगरींत व्यायामाची थट्टा! पण हंसूं आलें तें जोरबैठकांचें नव्हे; एका व्याख्यानानें वीर होऊं पाहणाऱ्या उतावळेपणाचें आलें. लाल मातींत रोज घाम गाळणाऱ्या पहिलवानास त्यांत चिडण्यासारखें कांहींच नव्हतें.

कागदावरचीं माणसें पडद्यावर आणण्याचा विनायकांचा खरा कस लागला तो १९४० सालीं, नवयुगच्या ‘लग्न पहावें करून’मध्यें. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना चिं. वि. जोशी यांनीं जन्म दिला. हे जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक. बुद्धाच्या भाषेंत बुडालेल्या या गृहस्थानें महाराष्ट्राला हंसविलें. आतां अडचण अशी कीं पुस्तकांत चिमणराव आपली हकीकत स्वतःच सांगतो. आपण किती भित्रे आणि भोळे आहोंत याचा त्याला पत्ता नसतो, आणि तेंच हंसण्याचें मूळ. पडद्यावर हा ‘मी’ नाहींसा होतो. मग तो भोळेपणा दाखवावयाचा कशानें? दामुअण्णा मालवणकरांच्या त्या तिरळ्या, गोंधळलेल्या डोळ्यांनीं. लेखकाचें अर्धें पान त्यांच्या एका पाहण्यांत भागलें. सोबत विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ: अंगानें धिप्पाड, बोलण्यांत वीर. १९४२ सालीं ‘सरकारी पाहुणे’हि जोशांच्याच कथेवर निघाला. पुढें मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनीं हीच जोडी घरोघर नेली. माझ्या पिढीला चिमणराव म्हटलें कीं प्रभावळकरच आठवतात.

मग आमच्या बेकार गडकऱ्याची विनोदी कथा कोणी कां लिहूं नये? चित्रकार कोल्हापुरांत उदंड आहेत. शिवा काशिदाची आठवण आड येईल असें ज्यांस वाटतें त्यांनीं एक ध्यानांत घ्यावें. १६६० सालच्या त्या पावसाळी रात्रीं महाराजांचा वेष घेऊन पालखींत बसलेल्या त्या न्हाव्याच्या पोरानें जें केलें तें सोंगच होतें. वेषांतर, चुकीची ओळख, फसलेला शत्रु, हें सारें साहित्य प्रहसनाचें. आणि त्यानें तें प्राणांची किंमत देऊन वठविलें.

माझ्या डोळ्यांपुढें ती कथा १८४५ सालीं सुरू होते. दरवाजाचे दगड अजून वाटेंत पडले आहेत. जमीन मामलेदाराकडे, तलवार सरकारजमा. आणि आमचा गडकरी हातांत शेळ्या हांकावयाची काठी घेऊन, रोजच्या सवयीनें, नसलेल्या दरवाजाशीं पहाऱ्यास उभा आहे. बाजारास निघालेली एक म्हातारी त्याला विचारते, “बाबा, आंत जाऊं कां?” आणि तो मोठ्या रुबाबानें तिचें नांवगांव विचारून घेतो.