पदवीचे विषय कोणी निवडावयाचे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला सायन्सला घालावे की आर्ट्सला? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या गोष्टीचे स्मरण देणे मला अगत्याचे वाटते. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला ती शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. बुद्धी होती, इच्छा होती. विषय निवडण्याचा अधिकार तेवढा नव्हता.

आज कोणताही विषय कायद्याने कोणाला निषिद्ध नाही. तरीपण आपल्या मुलांचे विषय आपणच निवडतो असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? मी स्वतः महाविद्यालयात प्रवेश घ्यावयास गेलो तेव्हा मला संख्याशास्त्र घ्यावयाचे होते. त्या महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. खिडकीमागच्या कारकुनाने माझा जातीचा दाखला पाहिला, "हे तुला झेपायचे नाही" असे म्हटले आणि अर्जावर तीन विषय स्वतःच्या हाताने लिहून टाकले. माझे वडील शेजारीच उभे होते. साहेबांनी आपले काम सोपे करून दिले अशा समजुतीने त्यांनी त्याला नमस्कार केला. मीही काही बोललो नाही.

त्या तीन विषयांनी माझे वाईट केले असे नव्हे. राज्यशास्त्रामुळेच मी कायद्याकडे वळलो. परंतु जे राहून गेले त्याची किंमत मला वकिलीत मोजावी लागली. २००६ साली एम. नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पदोन्नतीत आरक्षण द्यावयाचे असल्यास त्या सेवेत मागासवर्गीयांचे प्रतिनिधित्व अपुरे आहे हे सरकारने मोजता येईल अशा माहितीने दाखविले पाहिजे. २०१८ च्या जर्नेलसिंग खटल्यात अनुसूचित जाती-जमातींना आपले मागासलेपण पुन्हा सिद्ध करण्याची अट गेली. प्रतिनिधित्वाच्या आकड्यांची अट मात्र राहिली. आता विचार करा. कोणत्या संवर्गात पदे किती, भरली किती, टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली, हे तक्ते समोर आले म्हणजे नुसते घटनेचे कलम पाठ असून भागत नाही. तक्ता कोठे लंगडा आहे हे ओळखणारा माणूस लागतो. अशा कागदांपुढे मी निरक्षरासारखा बसलेलो आहे आणि दुसऱ्याच्या दारात समजावून घ्यावयास गेलेलो आहे.

म्हणून 'हुशार तो सायन्सला, मठ्ठ तो आर्ट्सला' ही जी समजूत आपण उचलली आहे ती टाकून द्या, अशी माझी विनंती आहे. जी उतरंड आपण मागे सोडून आलो तीच विषयांत मांडावयाची, हे आपल्याला शोभत नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचा अभ्यास केला. भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. त्याच माणसाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी मुंबईत जे सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान या दोहोंचे काढले.

आता नवी व्यवस्था कशी आहे ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा एक मुख्य विषय असतो. त्याजोडीला दुय्यम विषय आणि खुले वैकल्पिक विषय असतात. महाराष्ट्रात हे खुले विषय आपल्या शाखेबाहेरचे घ्यावयाचे आहेत. बहुतेक मुले ते 'सोपे कोणते' एवढेच विचारून घेतात. ही संधी फुकट दवडू नका. मुलगी रसायनशास्त्र शिकत असेल तर तिला अर्थशास्त्राची किंवा राज्यशास्त्राची ओळख करून घेऊ द्या. मुलगा समाजशास्त्र शिकत असेल तर महाविद्यालयात संख्याशास्त्राचा प्राथमिक विषय आहे काय, याची चौकशी करा. अकरावीत गणित सोडताना मात्र दहा वेळा विचार करा. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र यांची दारे त्या एका खुणेने बहुतेक ठिकाणी बंद होतात, आणि ती खूण पंधरा वर्षांचे मूल मित्रांकडे पाहून करीत असते.

या व्यवस्थेत एक मोह आहे, त्याविषयी वकील म्हणून सावध करतो. एक वर्षानंतर शिक्षण सोडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशी सोय केलेली आहे. सधन घरात ही सोय असेल. आपल्या घरात, जेथे मुलाच्या कमाईची वाट पाहिली जाते, तेथे ती गळतीची वाट होऊ शकते. एक वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना पदवी लागते, तेथे ते कागद चालत नाहीत. अडचणीमुळे सोडावेच लागले तर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकंदर सात वर्षांत अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, हे लिहून ठेवा. परत येणे किती कठीण असते हे ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला मी सांगावयास नको.

दुसरी भीती शिष्यवृत्तीची. धम्मदीक्षा घेतलीत, आता मुलाची सवलत गेली, असे सांगणारे आजही भेटतात. १९५० च्या आदेशामुळे पूर्वी तसे घडत होते, हे खरे. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान नव्हते आणि एका संपूर्ण पिढीने त्याचे नुकसान सोसले. परंतु १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली. ज्यांची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून त्यांचा हक्क जात नाही. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावयास कोणी कचरू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र महाडीबीटीवर दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी विसरला, असे झालेले मी पाहिले आहे.

सभा संपल्यावर मी येथेच विहारात बसणार आहे. ज्यांच्या मुलामुलींचे अर्ज भरावयाचे राहिले असतील त्यांनी महाविद्यालयाचे माहितीपत्रक, गुणपत्रक आणि दाखले घेऊन यावे. मुलालाही बरोबर आणावे. विषय त्याच्याच हाताने लिहावयाचे आहेत.