दाताच्या मुळातील जंतू आणि त्यांवरील औषधे

दंतवैद्याच्या दवाखान्यात पाऊल टाकताच पूर्वी एक विशिष्ट वास नाकात शिरत असे. लवंगेचे तेल, कार्बोलिकच्या जातीची द्रव्ये आणि फॉर्मॅलिन यांचा तो संमिश्र दर्प होता. औषध जितके उग्र तितके ते गुणकारी, अशी समजूत त्या काळी केवळ रोग्याचीच नव्हे, तर वैद्याचीही होती. आज तो वास पुष्कळसा ओसरला आहे, आणि त्याला कारण आहे.

दात बाहेरून दगडासारखा दिसला, तरी त्याच्या पोटात मऊ गर असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेला हा गर बारीक नलिकांतून मुळाच्या टोकापर्यंत उतरतो. कीड खोलवर गेली म्हणजे जंतू गरात शिरतात, गर सडतो आणि मुळाच्या टोकाशी हाडात पू साचू लागतो. अशा वेळी दात उपटून टाकणे हा जुना मार्ग होय. नलिका स्वच्छ करून दात राखणे हा दुसरा. यालाच रूट कॅनॉल उपचार म्हणतात. परंतु ही नलिका म्हणजे काही सरळ नळी नव्हे. तिला वळणे असतात, फाटे असतात, आणि तिच्या भिंतींत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दंतवैद्याची सुई जेथे पोचत नाही तेथे जंतू केव्हाच पोचलेले असतात. औषधाचे खरे काम तेथे आहे.

आरंभीचे उपाय जहाल होते. 1836 साली न्यूयॉर्कच्या स्पूनर यांनी गर मारण्यासाठी सोमलाचा उपयोग सुचविला. ठणका थांबे खरा. पण सोमल किंचित जरी बाहेर झिरपला, तर हिरडी आणि हाड यांचाही नाश करी. पुढे 1891 मध्ये वॉल्कहोफ यांनी कापूरमिश्रित क्लोरोफेनॉल आणले. 1904 मध्ये बकली यांनी फॉर्मॅलिन आणि क्रेसॉल यांचे मिश्रण प्रचारात आणले. या द्रवात भिजविलेला कापसाचा बोळा दातात ठेवून वरून तोंड बंद करीत. जंतू मरत, पण मुळाच्या टोकाशी ज्या जिवंत पेशींनी जखम भरून काढावयाची, त्यांनाही या औषधांची झळ लागे. शत्रूबरोबर घरचेही गारद व्हावेत, तशातला हा प्रकार. फॉर्मॅल्डिहाइड हे कर्करोगकारक असल्याचे 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरविले.

आज सर्वत्र वापरात असलेले औषध आले ते मात्र रणांगणातून. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा सडून माणसे दगावत होती. 1915 साली इंग्रज रसायनज्ञ हेन्री डेकिन आणि फ्रेंच शल्यविशारद ॲलेक्सिस कॅरेल यांनी सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे 0.5 टक्के द्रावणाने जखमा वारंवार धुण्याची पद्धत बसविली. कपडे शुभ्र करण्याच्या द्रवात असते तेच हे द्रव्य. 1936 साली वॉकर यांनी अधिक तीव्र द्रावणाने दाताच्या नलिका धुण्याचा पुरस्कार केला, आणि 1941 मध्ये ग्रॉसमन आणि मेमन यांनी हे द्रावण गराचे अवशेषही विरघळविते, हे दाखवून दिले. त्याचे माहात्म्य या दुहेरी कामात आहे: ते जंतू मारते आणि जंतूंचे अन्नही नाहीसे करते. पण तेही निरुपद्रवी नव्हे. पिचकारीच्या जोराने ते मुळाबाहेर गेले, तर तीव्र वेदना होऊन चेहरा सुजतो. म्हणून ते हलक्या हाताने घालतात, आणि दाताभोवती रबराचा पडदा लावतात. हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे, हे सांगावयास नकोच.

या साऱ्या खटाटोपाची आवश्यकता पटवून दिली ती उंदरांनी. 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी संपूर्ण जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांचे दात गरापर्यंत कोरले आणि तसेच उघडे ठेवले. त्यांत अन्न अडकले, पण गर मेला नाही. उलट जखमेवर दाताच्याच द्रव्याचा नवा थर चढला. साध्या उंदरांच्या उघड्या दातांत मात्र गर सडून गळू झाले. अपराधी जंतूच होते, याविषयी मग संशय उरला नाही.

दोन बैठकींच्या मधल्या काळात नलिकेत जे औषध भरून ठेवतात, ते तर आपल्या पानाच्या डब्यातलेच आहे म्हणावयाचे. 1920 साली जर्मनीत हर्मन यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप आणला. विड्याला लावतात तो चुना रासायनिकदृष्ट्या हाच, अर्थात दंतवैद्याचा शुद्ध केलेला असतो. त्याचा क्षारपणा इतका तीव्र असतो की, बहुतेक जंतू त्यात तग धरू शकत नाहीत. एन्टेरोकोकस फीकॅलिस नावाचा एक चिवट जंतू मात्र त्यालाही पुष्कळदा दाद देत नाही.

चुन्याला काम करण्यास साधारणपणे आठवडाभर तरी द्यावा लागतो, आणि नेमका हाच काळ घाताचा ठरतो. पहिल्या बैठकीनंतर ठणका थांबतो. रोग्यास वाटते, दात बरा झाला. मग लग्नसराई येते, परीक्षा येतात, आणि दुसरी बैठक राहून जाते. वास्तविक ठणका थांबतो तो सडलेला गर निघाल्यामुळे आणि आतला दाब उतरल्यामुळे. जंतू सारेच मेलेले असतात असे नाही. वर भरलेले तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांतच झिजू लागते, फटीतून लाळ आत झिरपते, आणि चुन्याचा प्रभाव संपलेल्या नलिकेत जंतू पुन्हा वस्ती करतात. सहा महिन्यांनी रोगी परत येतो तो सुजलेला गाल घेऊन. दंतवैद्यास सारे पहिल्यापासून आरंभावे लागते. आणि मधल्या काळात पोकळ झालेला दात सुपारी फोडताना उभा चिरला असेल, तर हायपोक्लोराइटचा आणि चुन्याचा काहीच उपयोग नसतो. मग चिमटाच उचलावा लागतो.