उशाशी एक कप्पा

कुणाची थट्टा करायची झाली की मुंबईकडची माणसं 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात आणि पुण्याकडची येरवड्याचं नाव घेतात. थट्टा जुनी आहे, कारण इमारतीही जुन्याच आहेत. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं, रत्नागिरीचं 1886 सालचं, ठाण्याचं 1901 सालचं. येरवड्याचं त्यांच्यानंतरचं, पण खाटा 2,500 हून जास्त. थट्टा करणाऱ्यांपैकी या फाटकांच्या आत गेलेले फारच थोडे. जे जातात ते बहुधा वर्षातून एकदा जातात. पंधरा ऑगस्ट असतो, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस किंवा वडिलांची पुण्यतिथी. हातात केळ्यांचे घड आणि बिस्किटांचे पुडे. वाटप होतं, फोटो निघतो, गाडी परत फिरते.

द्यावंसं वाटतं यात वाईट काहीच नाही. घोळ होतो तो पुढ्यातल्या माणसाला काय लागतं हे कुणी विचारत नाही म्हणून. मनोरुग्णालयातले बरेच रुग्ण ओलान्झापीन किंवा क्लोझापीनसारख्या गोळ्यांवर असतात. या गोळ्यांनी भूक खवळते, वजन वाढतं, रक्तातली साखरही वाढू शकते. अशा माणसाला एका दिवसात तीन मंडळांकडून क्रीमची बिस्किटं मिळाली, तर त्याचा भार शेवटी सिस्टरांवर येतो. आणि ज्या पायजम्यात तो सहा महिन्यांपूर्वी दाखल झाला, तो आता त्याला होत नाही. कपडे मात्र कुणी आणलेले नसतात.

हे कपड्यांचं प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीच्या वॉर्डात धुलाईहून कपड्यांचा ढीग येतो. आंघोळ झाली की मावशी वरचा कपडा उचलून समोरच्या बाईला देतात. माप जमलं तर तिचं नशीब. सलवारीची नाडी काढून घेतलेली असते, कारण नाडीनं जीव देता येतो. ती भीती खोटी नाही. मग ती बाई दिवसभर एक मूठ कमरेशी आवळून चालते. दुसऱ्या हातात ताट धरायचं, त्याच हातानं दार लोटायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा आजारच असणार. आजार कुठला, ते सैल कापड आहे. पंधरा-वीस रुपयांच्या इलॅस्टिकनं हे लक्षण बरं होतं.

माणसाच्या वस्तूंचा त्याच्या मनाशी संबंध असतो, हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. रसेल बार्टन यांनी 1959 साली एक छोटं पुस्तक काढलं. वर्षानुवर्षं दवाखान्यात राहिलेला रुग्ण मान खाली घालून, हात अंगाशी धरून, काही न मागता बसून राहतो. यातलं सगळंच मूळ आजारातून येत नाही, बरंचसं दवाखान्यातल्या राहण्यानंच जडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कारणं सांगताना त्यांनी सक्तीचं रिकामपण धरलं, कर्मचाऱ्यांची हुकूमशाही धरली आणि त्यांच्याच ओळीत स्वतःच्या वस्तू हिरावल्या जाणंही धरलं.

पुढे जॉन विंग आणि जॉर्ज ब्राऊन यांनी तीन रुग्णालयांतल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि दीर्घकाळ तिथंच राहिलेल्या स्त्रियांचा 1960 पासून आठ वर्षं अभ्यास केला. त्यांनी चक्क वस्तू मोजल्या. हिच्याकडे स्वतःचा दात घासायचा ब्रश आहे का? कंगवा? आरसा? जिथं राहणी अधिक दरिद्री, तिथं स्त्रिया जास्त मिटलेल्या आढळल्या. राहणी सुधारली तसा काही जणींत फरकही पडला. मात्र सुधारणेशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते रिकामा वेळ कमी होण्याचं. तेव्हा कंगवा म्हणजे गोळी नव्हे, आणि नुसता कंगवा देऊन कुणी बरं होत नाही. पण ज्या बाईकडे कंगवा नाही, 'उठून वेणी घाल' हे तरी तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्याच काळात, 1965 साली, बार्बरा रॉब नावाची एक बाई लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात ओळखीच्या एका म्हातारीला भेटायला गेली. तिथल्या वृद्धांचे चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं काढून घेतलेली तिला दिसली. चष्म्याविना वाचायचं कसं, यंत्राविना ऐकायचं कसं, कवळीविना बोलायचं कसं? रॉबबाईंनी पाठपुरावा सोडला नाही. 1967 साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गहजब झाला.

आपल्याकडे हे आता निव्वळ दयेवर सोपवलेलं नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं विसावं कलम एखाद्या घरच्या बाईनं यादी करावी इतकं बारीक आहे. सकस अन्न, स्वच्छता, खासगीपण, नीट कपडे. रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादायचा नाही. अंगाच्या स्वच्छतेच्या वस्तू मिळाल्या पाहिजेत, आणि पाळीच्या दिवसांत स्त्रियांना लागणाऱ्या वस्तूंचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. सक्तीनं डोकं भादरायचं नाही. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. डोकं भादरण्यामागचं जुनं कारण होतं उवांचं. पण उवांवर औषध मिळतं, आणि खरजेसाठी औषधाबरोबर चादरी-कपडे एकाच वेळी गरम पाण्यात धुवावे लागतात. म्हणजे वॉर्डाला वस्तऱ्यापेक्षा जास्तीच्या चादरींची गरज अधिक.

तर न्यावं काय? ज्याची गोळी क्लोझापीन, त्याच्या तोंडातून रात्री बऱ्याचदा लाळ गळते; त्याला उशीवर टाकायला दोन जास्तीचे टॉवेल हवेत. कंपावर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल तोंड कोरडं पाडते, पोटही धरते. ती घेणाऱ्याजवळ पाण्याची स्वतःची बाटली असावी. लिथियमवर असलेल्या माणसाला तर पाणी कमी पडून चालतच नाही. क्लोरप्रोमाझीननं कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून बागकाम करणाऱ्याला टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. बाकी सगळ्यांना लागतं ते तुम्हाआम्हाला लागतं तेच: मापाचे आतले सुती कपडे, रबरी चपला, खोबरेल तेल, साबण, कंगवा. काच, ब्लेड, पट्टा, नाडी नको. आरसा हवाच असेल तर चकचकीत स्टीलचा. आणि विडी-सिगारेट कुणी कितीही गयावया केली तरी देऊ नये. धुरामुळे क्लोझापीनचं रक्तातलं प्रमाण उतरतं.

वस्तू दिली, पण ती त्याच माणसाकडे राहणार कशी? हा प्रश्न पूर्वीच्या धोब्यांनी सोडवलेला आहे. गावभरचे कपडे एका घाटावर धुतले जात, तरी ज्याचा सदरा त्याच्या घरी पोचे, कारण कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असे. वॉर्डातही कॉलरच्या आत दोऱ्यानं नाव शिवता येतं. आणि वस्तू ठेवायला खाटेच्या उशाशी एक कप्पा लागतो, शक्यतो कडी असलेला. देणगीदारांना पाटी लावण्याजोगी इमारत बांधायला आवडतं. कप्प्यांसाठी फारसं कुणी पुढे येत नाही.

कपड्यांची आणखी एक वेळ असते, ती म्हणजे घरी जायची. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या डॉक्टर पत्नीला 1988 साली मुंबईत करवंटीनं गटाराचं पाणी पिणारा एक तरुण दिसला. आंघोळ घालून, उपचार करून पाहिलं तर तो आंध्रातला पदवीधर निघाला. त्यातूनच त्यांचं रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवण्याचं काम उभं राहिलं. पुढे कर्जतला केंद्र झालं आणि 2018 साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. असा माणूस अनेक वर्षांनी गावच्या एसटीतून उतरतो, तेव्हा त्याच्या अंगावर दवाखान्याचा गणवेश असावा की इस्त्रीचा सदरा, यावर वेशीवरच्या पारावरचं पहिलं वाक्य ठरतं.

तेव्हा या दिवाळीत कुणाच्या मंडळाचा असा बेत असेल, तर केळी घेण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना एक फोन करावा. किती नग हवेत, कुठल्या मापाचे, आणि किती जणांना चष्म्याचा नंबर काढून हवा आहे, एवढं कागदावर लिहून घ्यावं. मग बाजारात जावं.