निर्माता आणि त्याची निर्मिती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



इतक्या वर्षांनी भेटतोय आणि बोलायला विषय घेतलाय भयकथेचा, म्हणून हसू नका. मधल्या सुट्टीत नारायण धारपांची पुस्तके लपवून वाचणारी आपलीच तुकडी होती!

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. ती लिहायला घेतली तेव्हा लेखिका अवघी १८ वर्षांची होती. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थी प्रेतांचे अवयव जोडून एक देह घडवतो, त्यात प्राण आणतो आणि त्या देहाने डोळे उघडताच घाबरून खोलीतून पळतो. पुढचा अनर्थ तिथून सुरू होतो.

आपल्याकडे अशाला भस्मासुर म्हणतात. पण भस्मासुर माजला तो वर मिळाल्यामुळे. या जिवाला काहीच मिळाले नाही, नावसुद्धा नाही. लोक त्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात, ते खरे तर निर्मात्याचे आडनाव.

दोघांना शेजारी ठेवून पाहा. ज्ञानाची ओढ दोघांनाही. व्हिक्टरला विद्यापीठ मिळाले. हा मात्र एका घरालगतच्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून ऐकत भाषा शिकला. एकटे दोघेही. व्हिक्टरला घर होते, मित्र होता, होणारी बायको होती. आपल्या गुपितामुळे तो एकटा पडला. याला कोणी जवळच केले नाही. सूडाने दोघेही पेटले. याने व्हिक्टरची माणसे मारली, त्याला माफी नाहीच. पण शेवटी उत्तरेकडच्या बर्फात व्हिक्टर मरतो, तेव्हा त्याच्या देहाशी येऊन रडतो तो हाच.

ती भिंतीची फट वाचली आणि मी थांबलो. तिसरीत असताना आई-वडिलांनी मला ऊसतोडीला सोबत नेले होते. अड्ड्याजवळच्या शाळेच्या खिडकीबाहेर उभा राहून मी पाढे ऐकायचो. आत कोणी बोलावले नाही. पुढच्या वर्षी मला आजीजवळ ठेवून ते गेले. टोळीचा ट्रक निघाला तेव्हा मी वडिलांकडे पाहिलेही नाही. तो राग कित्येक वर्षे मनात होता.

मग कळले. व्हिक्टर आपल्या निर्मितीचे तोंड पाहून पळाला. माझे वडील मुकादमाची उचल फेडायला गेले आणि दरवर्षी पाडव्याच्या सुमारास परत आले. जाणे वेगळे, टाकून जाणे वेगळे. हे त्यांना सांगायचे मात्र राहून गेले. कळले तेव्हा ते नव्हते.

पाचवीत या शाळेत आलो. आठवतं ना, दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची? तरी सर गेलेल्यांचीही नावे रोज पुकारायचे. आपण हसायचो. “सर, तो तोडीला गेलाय!” सर म्हणायचे, “माहीत आहे. पण नाव आपल्याच वर्गात आहे.”

सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. आम्हाला घडवणारे पुष्कळ होते, आम्ही बिघडण्याची कारणेही पुष्कळ होती. पण आमचे नाव कोणीतरी रोज घेत होते.

आता आपल्यालाही मुले आहेत, हाताखाली माणसे आहेत. आपण घडवलेले आपल्या मनासारखे निघाले नाही, तर त्या खोलीतून पळू नका, एवढेच.